आरोग्यपाठ : सावित्रीच्या काठाने सायकल



या पानावर मधुमेह आणि रक्तदाबाविषयी लेख आले की वाचकांकडून एक प्रश्न हमखास येतो : "डॉक्टर व्यायाम करा म्हणतात, पण नेमका कोणता? गुडघे दुखतात, जिमला पैसे नाहीत, आणि पहाटे चालायला कंटाळा येतो." या प्रश्नाचे एक साधे उत्तर बहुतेक घरांत जिन्याखाली धूळ खात पडलेले असते. ते म्हणजे सायकल.

हे उत्तर आम्ही आमच्या विहारातील आरोग्य गटात प्रथम मांडले, तेव्हा सगळ्यांना ते रुचले नाही. टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, "आयुष्यभर सायकल मारली म्हणून तर पोरं शिकली. आता पोरानं गाडी घेतली, आणि तुम्ही मला पुन्हा सायकलवर बसवता?" त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. आपल्या कितीतरी घरांत बाप सायकलवरून गिरणीत, गोदीत, बांधकामावर गेला. डबा हँडलला, पोरगा नळीवर. सायकल सुटली, मोटारसायकल आली, म्हणजे घर वर आले असे आपण मानले. त्यात चूक काही नव्हती. पण कष्ट सुटले तशी शरीराची हालचालही सुटली, आणि ताटातला भात मात्र तेवढाच राहिला. त्या जागेत साखर आणि रक्तदाब येऊन बसले.

म्हणून आम्ही ठरवले की सायकलीकडे पोटासाठीचे वाहन म्हणून पाहण्याऐवजी औषध म्हणून पाहायचे, आणि औषध घेतात तसे मापून, नियमाने घ्यायचे. आठ आठवडे तयारी केली आणि नंतर आम्ही नऊ जण तीन दिवसांसाठी कोकणात गेलो. वय वर्षे 24 ते 61. त्यात तीन स्त्रिया. त्या तयारीत आणि प्रवासात आम्ही जे शिकलो, जिथे चुकलो, ते या पाठात मांडत आहोत.

रस्ता कोणता निवडला?

नवशिक्याला शहरातला रस्ता घातक असतो. धूर, हॉर्न, खड्डे आणि मागून येणारा ट्रक यांत व्यायाम होत नाही, फक्त जीव मुठीत धरला जातो. सायकलसाठी वाहने कमी, सावली बरी आणि दर काही अंतरावर गाव असलेला रस्ता हवा. कोकणात नदीकाठचे आणि समुद्राकाठचे आतले रस्ते असे आहेत.

आम्ही सावित्री नदीचा मार्ग धरला. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूर-महाडवरून खाली येते आणि बाणकोटजवळ अरबी समुद्राला मिळते. शेवटच्या टप्प्यात तिच्या एका तीरावर रायगड जिल्हा आणि दुसऱ्या तीरावर रत्नागिरी जिल्हा आहे. भरतीचे खारे पाणी खाडीतून बरेच आत चढते. त्यामुळे काठावर कांदळवन दिसते. पहिल्या दिवशी महाडहून म्हाप्रळमार्गे मंडणगड, दुसऱ्या दिवशी बाणकोट-वेळास करून केळशी, तिसऱ्या दिवशी आडे, पाडले, आंजर्ले, हर्णै करून दापोली, असा बेत होता. सायकली टेम्पोत घालून महाडपर्यंत नेल्या, कारण मुंबई-गोवा महामार्ग हा सायकल शिकण्याचा रस्ता नव्हे.

हा रस्ता आपल्याला परका नाही. महाडला 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले. त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेला बाबासाहेब आणि मुंबईचे प्रतिनिधी बोटीने निघून सावित्रीच्या दासगाव बंदरात उतरले. मोटारमालक आपल्याला नेतील याची खात्री नव्हती, आणि दासगावहून महाड सुमारे पाच मैल, म्हणजे पायी गाठता येण्याजोगे होते. पुढे मंडणगड तालुक्यात आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव आहे. दापोलीच्या कॅम्पात त्यांच्या बालपणाची काही वर्षे गेली. दापोली तालुक्यातच माता रमाईंचे वणंद हे गाव आहे. त्यांचे वडील दाभोळ बंदरावर माशांच्या टोपल्या वाहण्याचे काम करीत. आपली माणसे या मुलखात ओझे घेऊन, अनवाणी, नाइलाजाने चालली. आपण त्याच मुलखात आपल्या इच्छेने, आपल्या प्रकृतीसाठी जातो आहोत, ही जाणीव आमच्या मनात होती.

निघण्यापूर्वी तपासणी

वय चाळिशीच्या पुढे असेल, किंवा मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, दमा यांपैकी काही असेल, किंवा घरात कमी वयात कोणाला हृदयविकाराचा झटका आला असेल, तर सायकल सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटावे. रक्तदाब, रक्तातील साखर आणि गरज वाटल्यास हृदयाचा आलेख, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. आराम करतानाही रक्तदाब 180/110 च्या वर येत असेल तर सायकल बाजूला ठेवावी. आधी औषधाने तो खाली आला पाहिजे. चढ चढताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम किंवा नेहमीपेक्षा वेगळा दम लागणे, यांतले काहीही जाणवले तर थांबावे, बसावे आणि रुग्णालय गाठावे. मधुमेहींमध्ये आणि स्त्रियांमध्ये छातीत न दुखताही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. नुसता दम आणि कमालीचा थकवा हेही लक्षण असते. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी 108 हा क्रमांक आहे. तो सर्वांनी पाठ करावा.

विदर्भातील वाचकांसाठी एक वेगळी सूचना. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार तिकडे आदिवासी समाजात आणि आपल्या समाजातही आढळतो. ज्यांना हा आजार आहे त्यांना अतिश्रम, उन्हाळा आणि अंगातील पाणी कमी होणे या तिन्ही गोष्टींनी वेदनेचा झटका येऊ शकतो. त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच आणि हलकाच व्यायाम करावा. जे केवळ वाहक आहेत त्यांना एरवी त्रास होत नाही. परंतु त्यांनीही एकदम जोर करू नये, हळूहळू वाढवावे आणि पाणी भरपूर प्यावे. आपण वाहक आहोत की नाही हे रक्ताच्या साध्या तपासणीने कळते. लग्नाआधी जशी ही तपासणी महत्त्वाची, तशीच कष्टाचा व्यायाम सुरू करण्याआधीही.

सायकल अंगाला बसवणे

महागडी सायकल लागत नाही. सपाट रस्त्याला बिनगिअरची साधी सायकलही चालते. कोकणात मात्र प्रत्येक खाडीनंतर चढ असतो, म्हणून गिअरची सायकल बरी. आमच्यातील चौघांच्या सायकली जुन्या विकत घेतलेल्या होत्या आणि त्या सगळ्यात कमी कुरकुरल्या.

चुकीच्या मापाची सायकल गुडघा बिघडवते. सीटची उंची अशी पाहावी : सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी आणि पायडल अगदी खाली न्यावे. पाय सरळ झाला पाहिजे. मग पायाचा चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात किंचित वाक राहतो. तेच योग्य माप. सीट फार खाली असेल तर गुडघ्याच्या पुढे, वाटीपाशी दुखते. फार वर असेल तर गुडघ्याच्या मागे दुखते. आपल्याकडे दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवण्याची सवय आहे. काकांचीही तीच सवय होती. तीस वर्षे गुडघा दुखतो म्हणत होते. सीट तीन बोटे वर केली, आठवडाभर कुरकुर केली, आणि मग दुखणे कमी झाल्याचे त्यांनी स्वतःच सांगितले.

टायरमध्ये हवा किती भरावी हे टायरच्या कडेवर लिहिलेले असते. कमी हवेने सायकल जड जाते आणि खड्ड्यात ट्यूब चिमटून पंक्चर होते. दोन्ही ब्रेक, चेनचे तेल आणि चाकांची पकड दर वेळी निघण्याआधी पाहावी. सोबत एक जादा ट्यूब, पंप, पंक्चरचे सामान आणि पान्हा असावा. ते वापरायला आधी घरी शिकावे, कारण आतल्या गावांत पंक्चरवाला सापडेलच असे नाही. हेल्मेट सर्वांनी घालावे. सायकलवरून पडल्यावर हाड जुळते, डोक्याची दुखापत मात्र घर बसवते.

आठ आठवड्यांचा अभ्यास

प्रौढ माणसाने आठवड्यात 150 ते 300 मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जोराचा व्यायाम असेल तर 75 ते 150 मिनिटे पुरतात. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यात पाच दिवस, एवढ्यापासून सुरुवात झाली. मध्यम म्हणजे किती? यंत्राची गरज नाही. सायकल चालवताना आपल्याला बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. गाणे म्हणता येत असेल तर जोर कमी आहे, वाक्य पुरे करता येत नसेल तर जोर जास्त आहे.

आम्ही असा क्रम ठेवला. पहिले दोन आठवडे : रोज 20 मिनिटे, आठवड्यात चार दिवस, सपाट रस्ता. तिसरा-चौथा आठवडा : रोज 30 मिनिटे, पाच दिवस. पाचवा-सहावा : त्याच पाच दिवसांत रविवारी दीड तास. सातवा-आठवा : रविवारी अडीच तास आणि वाटेत एक लहान चढ. रोज थोडा वेळ राखून ठेवावा, एक दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. एखादा आठवडा चुकला तर दुप्पट करून भरून काढू नये. मागच्या पायरीवरून पुन्हा सुरू करावे.

सोण नावाच्या भिक्खूची गोष्ट आपल्याला माहीत आहे. चंक्रमण करताना त्याच्या पायांतून रक्त येऊ लागले, तेव्हा तथागतांनी त्याला वीणेच्या तारेचे उदाहरण दिले : तार फार ताणली तर वाजत नाही, फार सैल सोडली तरी वाजत नाही. व्यायामाला याहून चांगला नियम आम्हाला सापडला नाही.

पहिला दिवस : चढ

महाड सोडल्यावर रस्ता नदीच्या मुलखातून जातो. नोव्हेंबर संपत आला होता, भात कापून झाला होता, खळ्यांवर पेंढ्याचा वास होता. पाच-दहा मिनिटांत एखादे वाहन. इतक्या शांततेत आपल्याच चेनचा आवाज ऐकू येतो आणि श्वासाकडे लक्ष जाते. मन हलके होते हा अनुभव आम्हा सर्वांना आला. नियमित व्यायामाने झोप सुधारते आणि उदासपणा कमी होतो, हे वैद्यकशास्त्रही मान्य करते.

म्हाप्रळनंतर मंडणगडचा चढ लागतो. इथे पहिला धडा मिळाला. आमच्यातील तरुणांनी चढ पाहताच उभे राहून जोर केला आणि अर्ध्यातच धापा टाकत बसले. काका आणि परिचारिका असलेल्या एक ताई मागून हळूहळू आले आणि त्यांना ओलांडून पुढे गेले. चढाचा नियम असा : चढ सुरू होण्याआधीच गिअर हलका करावा, म्हणजे पुढचे चक्र लहान आणि मागचे मोठे. पाय भरभर पण हलके फिरावेत. जड गिअरवर दात-ओठ खाऊन दाबले की सगळा भार गुडघ्यावर जातो. आणि चढ जमलाच नाही तर उतरून सायकल ढकलत चालावे. यात कमीपणा काही नाही. चालणे हाही व्यायामच आहे.

दुसरा दिवस : लपवलेला आजार

हा भाग लिहावा की नाही यावर आमची चर्चा झाली. ज्यांच्याबद्दल आहे त्यांनीच सांगितले, "लिहा. नाव टाकू नका, पण लिहा."

सकाळी लवकर निघायचे होते. मुक्कामाच्या घरी न्याहारीला उशीर होणार होता, म्हणून आम्ही चहा-बिस्किटांवर निघालो. वेळासच्या पुढे एका चढावर आमचे एक दादा, वय 52, अचानक चिडचिड करू लागले. पुढे जा म्हटले तर थांबत, थांबा म्हटले तर पुढे जात. अंगाला घाम फुटला होता, पण तो उन्हाचा घाम नव्हता. कपाळ गार होते. हात थरथरत होते. ताईंनी सायकल आडवी लावली आणि विचारले, "दादा, साखरेची गोळी घेता का?" ते ओरडले, "मला काही झालेलं नाही!" ताईंनी वाद घातला नाही. बाटलीतल्या पाण्यात तीन चमचे साखर कालवून त्यांना प्यायला लावले आणि जवळच्या यंत्रावर बोटातले रक्त तपासले. साखर 58 होती. 70 च्या खाली गेली की ती धोक्याची. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिले : 84. मग केळे आणि चपाती दिली, आणि तासभर तिथेच फणसाच्या झाडाखाली बसलो.

दादांना सहा वर्षांपासून मधुमेह होता. सकाळची गोळी घेऊन ते जवळजवळ उपाशी पोटी चढाला लागले होते. घरी पत्नीखेरीज कोणालाच माहीत नव्हते. आम्ही विचारले तेव्हा ते खाली मान घालून म्हणाले, "माझा बाप गोण्या वाहायचा. साखर हा बसून खाणाऱ्यांचा रोग, असं लोक म्हणतात. सांगायची लाज वाटली."

वाचकहो, ही लाज आपण टाकून दिली पाहिजे. मधुमेह हा चारित्र्याचा दोष नाही. तो आनुवंशिकतेने येतो, वजनाने येतो, बदललेल्या राहणीने येतो, ताणानेही बळावतो. तो सांगितला तर सांभाळता येतो, लपवला तर रस्त्यात गाठतो. त्या दिवशी चूक आम्हा सर्वांची होती. निघण्याआधी "कोणाला काय औषध चालू आहे?" हा साधा प्रश्न आम्ही विचारलाच नव्हता.

यातून घ्यायचा धडा असा. इन्सुलिन घेणाऱ्यांना आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना व्यायामात साखर एकदम उतरण्याचा धोका असतो. फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना तो फार कमी. अशांनी नीट न्याहारी केल्याशिवाय निघू नये, खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे, आणि लांबच्या फेरीच्या दिवशी गोळीची मात्रा काय ठेवायची हे आधीच डॉक्टरांना विचारावे. मनाने गोळी बंद करू नये. थरथर, गार घाम, भूक, चिडचिड, गोंधळ दिसला की आधी तीन चमचे साखर, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, सुधारणा नसेल तर पुन्हा साखर, आणि मग जेवण. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवून 108 ला फोन करावा.

त्या दिवसापासून आमच्या गटात एक नियम झाला. प्रत्येकाने एका सोबत्याला आपला आजार, आपले औषध आणि घरचा फोन सांगायचा. दादा परत आल्यावर डॉक्टरांकडे गेले, सगळे सांगितले. डॉक्टरांनी गोळीची वेळ व मात्रा बदलून दिली. त्यांची सायकल सुटलेली नाही.

पाणी आणि मीठ

कोकणातली हवा दमट असते. घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि पाणी किती गेले हेही कळत नाही. तहान लागण्याची वाट पाहू नये. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-तीन घोट घ्यावेत. तासाला साधारण अर्धा लिटर लागते, उन्हात थोडे अधिक. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडते आहे. तासापेक्षा लांबच्या फेरीत नुसते पाणी पुरत नाही, घामातून मीठही जाते. घरचे जलसंजीवनी पाणी सर्वांत स्वस्त : एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मापात चूक करू नये. वाटेत मीठ घातलेले कोकम सरबत आणि शहाळे मिळते, तेही चांगले. मूत्रपिंडाचा किंवा हृदय कमजोर असण्याचा आजार असेल तर किती पाणी, किती मीठ आणि शहाळे चालते का, हे डॉक्टर सांगतील तसे.

खाण्यासाठी वेगळे काही नको. सकाळी पेज, भाकरी किंवा घावन, वाटेत केळी, गूळ-शेंगदाणे किंवा चिक्की, दुपारी भात, डाळ, मासळी. मधुमेहींनी औषध म्हणून खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे, चिक्की खाऊ म्हणून खाऊ नये.

स्त्रियांसाठी

आमच्यातील तिन्ही स्त्रियांनी पहिल्या दिवशी पाणी जवळजवळ प्यायलेच नाही. कारण उघड होते : वाटेत स्वच्छतागृह कुठे? संध्याकाळी एकीचे डोके दुखू लागले, दुसरीला लघवीला जळजळ सुरू झाली. पाणी न पिणे आणि लघवी रोखून धरणे यांतून मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. दुसऱ्या दिवसापासून फेरीचे थांबे ठरवताना स्वच्छतागृह हीच पहिली अट ठेवली : एस.टी. स्थानक, शाळा, खानावळ किंवा वस्तीतले ओळखीचे घर. आंबडव्याच्या वाटेवर एका घरात आम्ही "जय भीम" म्हणून हाक दिली, तर आजींनी आधी पाणी दिले, मग मोरी दाखवली आणि म्हणाल्या, "आमच्या वेळी पोरींना सायकल कुठली! तुम्ही चालवा." गटात पुरुष असतील तर ही अडचण बायकांनी बोलून दाखवण्याची वाट पाहू नये. थांबे आधीच ठरवावेत.

मासिक पाळीत सायकल चालवायला हरकत नाही, त्रास होत नसेल तर. गर्भवती स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रस्त्यावर सायकल चालवू नये, कारण पडण्याचा धोका असतो. सीटवर फार वेळ एकाच जागी बसल्याने स्त्री-पुरुष दोघांनाही मांड्यांमध्ये बधिरपणा येतो. दर दहा मिनिटांनी पायडलवर क्षणभर उभे राहावे, घट्ट शिवणीचे कपडे टाळावेत, आणि घामाचे कपडे फेरी संपताच बदलावेत.

तिसरा दिवस : ऊन आणि उतार

केळशीहून आंजर्ल्यापर्यंतचा रस्ता समुद्राच्या कडेने, आडे-पाडल्यावरून जातो. एका बाजूला लाटा, दुसऱ्या बाजूला नारळी-सुपारीच्या वाड्या. इथे वेग घेण्याचा मोह होतो. पण समुद्राचा वारा समोरून आला की सपाट रस्ताही चढासारखा होतो. अशा वेळी एकामागे एक चालावे आणि पुढच्याने दर काही मिनिटांनी जागा बदलावी. आम्ही उजाडताच निघून दहाच्या सुमारास सावलीत थांबत होतो आणि चारनंतर पुन्हा निघत होतो. भर उन्हात सायकल चालवून कोणी शूर होत नाही. चक्कर, मळमळ, पायात गोळे आले तर सावली, पाणी आणि मीठ. माणूस असंबद्ध बोलू लागला आणि अंग तापले तर तो उष्माघात. अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि ताबडतोब रुग्णालय गाठावे.

हर्णै बंदरावरून दापोलीला चढावे लागते, कारण दापोली समुद्रसपाटीपासून सुमारे 800 फूट उंचीवर आहे. चढाने दम लागतो, पण हाडे मोडतात ती उतारावर. उतारावर वेग आधीच कमी करावा, वळणात शिरल्यावर नव्हे. दोन्ही ब्रेक थोडे दाबून थोडे सोडून वापरावेत. नुसता पुढचा ब्रेक करकचून दाबला तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. जांभ्या दगडाची बारीक खडी, ओला पाचोळा आणि शेवाळ यांवर चाक घसरते. खरचटले तर जखम भरपूर पाण्याने व साबणाने धुवावी आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे.

पावसाळ्यात या मुलखात सायकलची लांब फेरी काढू नये. महाडजवळ सावित्रीवरील पूल ऑगस्ट 2016 मध्ये वाहून गेला, आणि जुलै 2021 च्या पुराने महाड व चिपळूण बुडाले, हे आपण विसरू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य.

सायकल काय करत नाही

सायकल सांध्यांवर कमी भार टाकते, म्हणून स्थूल व्यक्तींना आणि गुडघेदुखी असणाऱ्यांना ती चालण्यापेक्षा सोपी जाते. हृदय, फुप्फुसे आणि मांड्यांचे स्नायू मजबूत होतात, साखर व रक्तदाब आटोक्यात यायला मदत होते. परंतु शरीराचा भार हाडांवर पडत नसल्यामुळे हाडांना हवा तेवढा व्यायाम मिळत नाही. म्हणून आठवड्यात दोन दिवस चालणे, जिने चढणे, उठाबशा, भिंतीला हात टेकून जोर असे व्यायामही करावेत. आणि सायकल चालवली म्हणून औषध सुटले असे समजू नये. औषध कमी करायचे की नाही हे तपासणीचे आकडे पाहून डॉक्टर ठरवतील. तंबाखू, गुटखा आणि दारू चालू ठेवून सायकल चालवणाऱ्याला तिचा अर्धाही लाभ मिळत नाही, हे सांगितल्याशिवाय हा पाठ पुरा होणार नाही.

शेवटी

दापोलीच्या चढावर काका सर्वांत शेवटी आले. वर पोहोचल्यावर त्यांनी सायकल झाडाला टेकवली, रुमालाने घाम पुसला आणि म्हणाले, "आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं घेऊन सायकल मारली. या तीन दिवसांत पहिल्यांदा माझ्यासाठी मारली." परत आल्यापासून ते रोज सकाळी विहारापर्यंत सायकलनेच येतात. मुलाची गाडी दारात उभी असते, तिचा त्यांना अभिमानही आहे.

प्रत्येकाने कोकणात जावे असे आमचे म्हणणे नाही. गोदावरी, वैनगंगा, पूर्णा, भीमा, कृष्णा, ज्याच्या त्याच्या गावाजवळ एखादा कालव्याचा, नदीचा, शेतातला शांत रस्ता असतोच. या महिन्यासाठी अभ्यास एवढाच : जिन्याखालची सायकल बाहेर काढा. हवा भरा, ब्रेक पाहा, सीटची उंची टाचेने मोजा. रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. आपला आजार किमान एका सोबत्याला सांगा. मग उद्या सकाळी वीस मिनिटे.

पुढच्या अंकापर्यंत किती जणांची वीस मिनिटे तीस झाली ते आम्हाला जरूर कळवा.

जय भीम!